दोन बाळू आणि एक हाक

दोस्तांनो, आमच्या आजोबांच्या वाड्यात दोन बाळू होते. एक माडीवरच्या बिऱ्हाडातला आणि एक आमचा, म्हणजे माझा चुलतभाऊ. आजी मधल्या चौकात उभी राहून हाक मारायची, "बाळूऽऽ!" कढईतून शंकरपाळे निघत असले की त्या एका हाकेला दोन्ही बाळू धडाधडा हजर. आणि गिरणीत दळण टाकायचं असलं की एकही नाही! माडीवरचा म्हणायचा, "मला वाटलं, खालच्याला बोलावलं." खालचा म्हणायचा, "मला वाटलं, वरच्याला." दळणाचा डबा तिथल्या तिथे.

पुढे मोठी झाल्यावर मी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहू लागले. आणि एक दिवस हे दोन बाळू माझ्या प्रोग्रॅममध्ये येऊन बसले. त्यांनी (खरं तर मीच) असा काही घोळ घातला, की एका वाचनालयाची तेवीस पुस्तकं नाहीशी झाली आणि ठपका आला तो भलत्याच माणसावर. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

माझी आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती. आपल्याकडे १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. तिचं वाचनालय 'क' वर्गातलं. दोन खोल्या, लोखंडी कपाटं, एक लांबलचक बाक आणि वर्तमानपत्रं वाचायला येणारे ठरलेले आजोबा. नवं पुस्तक आलं की आधी ते दाखल नोंदवहीत चढायचं. त्याला एक नंबर मिळायचा, तोच नंबर लाल शाईनं पुस्तकाच्या आतल्या पानावर लिहायचा, मगच पुस्तक कपाटात. आत्याचं अक्षर असं, की ती नोंदवही छापलेली वाटावी.

वाचनालयात कॉम्प्युटर आला तेव्हा आत्या पन्नाशीची होती. कुणी शिकवायला नाही. तरी पठ्ठीनं स्वतःच्या हिमतीवर एक्सेल शिकून घेतलं आणि पुस्तकांची यादी त्यात करायला लागली. तिला सगळ्यात आवडलेली एक्सेलमधली गोष्ट म्हणजे कंट्रोल-डी. तुम्हाला ठाऊक आहे का ती? वरच्या चौकोनात जे लिहिलंय, ते खालच्या चौकोनात तस्सं उतरवायचं असेल, तर खालच्या चौकोनावर जायचं, कंट्रोलची कळ दाबून धरायची आणि डी दाबायचं. झालं! भा. रा. भागवतांची तीस-पस्तीस पुस्तकं असतील, तर लेखकाचं नाव एकदाच लिहायचं, बाकी ओळी टकाटक कंट्रोल-डी. आत्या म्हणायची, "अगं, एवढ्या एका कळीनं माझी अर्धी दुपार वाचते."

अशा दोन-तीन कळा एकदम दाबून जे काम होतं, त्याला आपण शॉर्टकट म्हणतो. मेनू उघडा, त्यात शोधा, मग माउसनं टिचकी मारा, एवढं सगळं टळतं.

२०१८ च्या दिवाळीत मी आत्याकडे गेले होते. तिची एक्सेलची यादी पाहिली आणि मला नको ती हुक्की आली. म्हटलं, "आत्या, मी तुला खास वाचनालयाचाच प्रोग्रॅम लिहून देते. पुस्तकांची यादी, सभासद, देवघेव, सगळं एकाच जागी." आत्या खूश. मी महिनाभर खपले आणि प्रोग्रॅम दिला.

त्यात मीही शॉर्टकट ठेवले होते. नवी नोंद म्हणजे कंट्रोल-एन. शोधायचं तर कंट्रोल-एफ. आणि नोंद काढून टाकायची तर… डिलीटचा डी, म्हणून कंट्रोल-डी! मला वाटलं, किती सोपं आहे लक्षात ठेवायला. सुरुवातीला मी "ही नोंद नक्की काढू का?" असा प्रश्नही ठेवला होता. पण स्वतः चाचणी घेताना दर वेळी तो प्रश्न मध्ये कडमडायला लागला, म्हणून मीच तो काढला. शहाणीच ना!

फेब्रुवारीत आत्याचा फोन आला. तिचा आवाज ऐकूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं.

"अगं, माझ्या हातून काहीतरी चुकलंय. पुस्तकं पुसली गेलीत."

झालं होतं असं. पाचवीतला एक मुलगा फास्टर फेणेचं पुस्तक मागायला आला. आत्यानं कॉम्प्युटरवर शोधलं आणि सांगितलं, "नाही बाळा, आपल्याकडे नाहीये ते." मुलगा काही हलेना. "पण काकू, मी पाहिलंय ते. त्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात." आत्या उठली, बघते तर पुस्तक जागेवर! आत लाल शाईतला नंबरही शाबूत. नोंदवहीत नाव होतं, कपाटात पुस्तक होतं, फक्त कॉम्प्युटरला त्याचा पत्ता नव्हता. मग तिनं रात्री बसून सगळी नोंदवही यादीशी ताडून पाहिली. एकूण तेवीस पुस्तकं गायब. बहुतेक सगळी मुलांच्या कपाटातली.

आणि आत्या ही अशी बाई, की दुसऱ्या दिवशी तिनं वाचनालयाच्या शेरेबुकात स्वतःच लिहून टाकलं, 'तेवीस नोंदी माझ्या हातून गहाळ झाल्या.' खाली सही. समितीतल्या एकदोघांनी लगेच मान हलवली, "या वयात कशाला कॉम्प्युटर? वहीच बरी होती." आत्या मला फोनवर म्हणाली, "मलाही वाटतं, वहीच बरी."

मी शनिवारी एसटीनं गावी गेले. आत्याला खुर्चीवर बसवलं आणि मागे उभी राहिले. "रोज करतेस तस्संच कर. मी काही बोलत नाही." नवी पुस्तकं आली होती. आत्याची पद्धत अशी, की आधी सगळ्या पुस्तकांची नावं एका रकान्यात लिहायची, मग लेखकाच्या रकान्यात वरून खाली यायचं. तिनं पहिल्या ओळीत लेखकाचं नाव लिहिलं, दुसऱ्या ओळीवर आली, नजर वहीवर, आणि बोटं आपली आपण गेली कंट्रोल-डीवर.

ओळ नाहीशी झाली. खालची ओळ वर सरकून बरोबर तिच्या जागी येऊन बसली. त्या ओळीतही लेखकाचा चौकोन रिकामाच. त्यामुळे वहीवरून नजर उचलणाऱ्या माणसाला काय दिसणार? चौकोन अजून रिकामा आहे, म्हणजे कळ लागली नाही! आत्यानं पुन्हा दाबली. आणखी एक पुस्तक गेलं.

"हे बघ," ती म्हणाली, "तुझ्या प्रोग्रॅममध्ये हे चालतच नाही. मग मी हातानंच लिहिते. पण बोटं ऐकत नाहीत गं, दर वेळी आधी तिकडेच जातात."

माझे कान गरम झाले. चालत नव्हतं कसलं! अगदी छान चालत होतं. एका लेखकाला एक-दोनदा, दुसऱ्याला एकदा, असं करत तेवीस पुस्तकं माझ्या कंट्रोल-डीनं गिळली होती. ना प्रश्न, ना आवाज. आणि गंमत बघा, आत्या टाइप करायची इनस्क्रिप्ट पद्धतीनं. त्या पद्धतीत डीच्या कळीवर हलंत असतो, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची कळ. 'फास्टर' लिहिताना स चा पाय ज्या कळीनं मोडायचा, तीच कळ कंट्रोलबरोबर दाबली की अख्खा फास्टर फेणेच गायब!

आता तुम्ही विचाराल, कळीवर हलंत असताना कॉम्प्युटरला ती डी आहे हे कसं कळलं? इथे थोडं थांबू या, कारण पुढचं सगळं यावर आहे. की-बोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवतच नाही. तो फक्त 'अमक्या जागेची कळ दाबली' असा नंबर पाठवतो. विंडोज त्या नंबरावरून कळीला एक ओळख देते. डीच्या कळीची ओळख ६८. इंग्रजी लिहा नाहीतर मराठी, शॉर्टकटसाठी तिची ओळख ६८च राहते. (सगळीकडे असं नसतं. काही प्रोग्रॅम ओळखीऐवजी उमटणारं अक्षरच बघतात. मग मराठीत असताना कंट्रोल-सी दाबलं की त्यांना ऐकू येतं 'कंट्रोल-म', आणि ते नुसते बघत बसतात.)

ही ओळख मग त्या प्रोग्रॅमच्या दाराशी येते ज्याची खिडकी आत्ता समोर आहे. आणि आत शिरल्यावर प्रश्न येतो, ही हाक कुणासाठी? प्रोग्रॅमच्या आत काय एकच माणूस राहतो? तिथेही वाडाच असतो. एक मोठी खिडकी, तिच्यात मेनू, शोधायची चौकट, तक्ता, तक्त्यात चौकोन. यांतल्या ज्या कुणात या क्षणी आपला कर्सर आहे, त्याच्याकडे फोकस आहे असं प्रोग्रॅम लिहिणारे म्हणतात. साधं अक्षर आलं तर ते फोकस असलेल्याकडे जातं, त्यात वाद नाही. पण शॉर्टकट आला, आणि त्यावर खिडकीनंही हक्क सांगितला आणि तक्त्यानंही, तर?

वाड्यावाड्याची रीत वेगळी असते. विंडोजच्या जुन्या रीतीत देवडीवरचा माणूस आधी बघतो. त्याच्याजवळ शॉर्टकटची एक यादी असते. आलेली कळ तिच्यात सापडली की तो ती तिथेच ठेवून घेतो, आत पाठवतच नाही. माजघरात बसलेल्याला हाक आलेली कळतसुद्धा नाही. जावाच्या स्विंगची रीत बरोबर उलटी. आधी फोकस असलेल्याला विचारायचं, त्यानं नाही म्हटलं तर तो ज्याच्या पोटात आहे त्याला, असं करत करत शेवटी खिडकीला. माझा प्रोग्रॅम ज्यात लिहिला होता त्याचं नाव क्यूटी. लिहितात क्यूटी आणि म्हणतात क्यूट. त्याची रीत मी पुरती वाचलीच नव्हती.

त्या रात्री आत्याच्याच कॉम्प्युटरवर बसून मी पहिली दुरुस्ती केली. म्हटलं, तक्त्याला आणखी एक शॉर्टकट देऊ, तोही कंट्रोल-डी, काम वरचं खाली उतरवायचं. खिडकीचा काढून टाकणारा कंट्रोल-डी असू दे आपल्या जागी. आत्या तक्त्यात असेल तेव्हा जवळचा जिंकेल, माझा साधा हिशेब! क्यूटीत शॉर्टकटला हद्द ठरवून देता येते. एका चौकटीपुरता, चौकट आणि तिच्या पोटातल्यांपुरता, खिडकीपुरता किंवा सगळ्या प्रोग्रॅमपुरता. तक्त्याच्याला मी छोटी हद्द दिली आणि मोठ्या विश्वासानं कंट्रोल-डी दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. ओळही गेली नाही आणि नावही उतरलं नाही. काळ्या पडद्यावर तेवढी एक ओळ उमटली होती, कंट्रोल-डी हा शॉर्टकट संदिग्ध आहे, अशा अर्थाची.

मी हसायलाच लागले. आत्या शेजारच्या खोलीतून म्हणाली, "काय गं?" म्हटलं, "आत्या, दोन्ही बाळू म्हणतायत, मला वाटलं त्याला हाक मारली!"

खरंच तसंच होतं. एकाच हाकेवर दोघं हक्क सांगत असतील आणि दोघांच्याही हद्दीत आपण उभे असू, तर क्यूटी जवळचा-लांबचा बघत नाही. छोटी हद्द मोठीवर मात करेल, हा माझा कल्पनेतला नियम. क्यूटी दोघांनाही गप्प बसवतं आणि प्रोग्रॅमला कळवतं, 'हे संदिग्ध आहे, तूच काय ते बघ.' तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, तिथे त्यानं अंदाज बांधला असता आणि तो चुकला असता, तर आणखी दहा पुस्तकं गेली असती.

मग रीत नीट वाचली. क्यूटीत एक फार चांगली सोय आहे. शॉर्टकट लागू करण्याआधी ते फोकस असलेल्याला एकदा हळूच विचारतं, 'ही कळ येतेय, तुला हवी आहे का?' त्यानं हो म्हटलं, तर शॉर्टकट बाजूला राहतात आणि कळ सरळ त्याच्या हातात पडते. लिहायच्या चौकटीत आपण अक्षर खोडायला कळ दाबतो तेव्हा खिडकीचा एखादा शॉर्टकट मध्येच उसळत नाही, तो यामुळेच. मी तक्त्याला शिकवलं, कंट्रोल-डीबद्दल विचारलं तर हो म्हणायचं. दुसरा शॉर्टकट काढून टाकला. आता तक्त्यात असताना वरचं खाली उतरायला लागलं. दोन बाळूंची भांडणं मिटली! रात्रीचा एक वाजला होता. मी झोपले.

सकाळी चहा घेताना सहज आणखी एकदा चालवून बघितलं. वरच्या चौकटीत एका पुस्तकाचं नाव लिहून शोधलं. पुस्तक सापडलं, तक्त्यात त्याची ओळ निळी झाली. लेखकाचं नाव नव्हतं, म्हणून कंट्रोल-डी दाबलं. ओळ गेली!

कारण? माझे डोळे तक्त्यावर होते, पण कर्सर अजून शोधायच्या चौकटीत लुकलुकत होता. शोधायच्या चौकटीला कंट्रोल-डीचं काही घेणं-देणं नव्हतं, तिनं नाही म्हटलं, आणि हाक गेली खिडकीकडे. खिडकीनं इमानेइतबारे निळी ओळ काढून टाकली. म्हणजे कर्सर दोन बोटं इकडे असला की नाव उतरणार आणि दोन बोटं तिकडे असला की पुस्तक मरणार! कळ तीच, माणूस तोच, समोर दिसणारं चित्रही जवळजवळ तेच.

असं करणारी मी काही एकटीच नव्हे, एवढाच काय तो दिलासा. क्रोम ब्राउझरमध्ये पूर्वी बॅकस्पेसच्या कळीला दोन कामं होती. लिहायच्या चौकटीत असाल तर मागचं अक्षर खोडायचं, नसाल तर सरळ मागच्या पानावर जायचं. लोक मोठाले अर्ज भरत बसायचे, कर्सर चौकटीतून कधी निसटला ते कळायचं नाही, आणि एक अक्षर खोडायला गेलं की अख्खा अर्ज जायचा. शेवटी २०१६ मध्ये क्रोमनं बॅकस्पेसचं ते दुसरं काम काढूनच टाकलं. मागे जायला ऑल्ट आणि डावा बाण ठेवला, आणि तो चुकून दाबला जाणं अवघड.

आणि कंट्रोल-डीचंच म्हणाल तर त्या बिचाऱ्या कळीची किती घरं! एक्सेलमध्ये ती वरचं खाली उतरवते. वर्डमध्ये अक्षरांचं वळण निवडायची चौकट उघडते. ब्राउझरमध्ये पानाची खूण ठेवते. पॉवरपॉइंटमध्ये निवडलेल्या चित्राची आणखी एक प्रत काढते. विंडोजमध्ये फायलींच्या यादीत असाल तर निवडलेली फाइल कचरापेटीत टाकते. एकीकडे एकाचे दोन, दुसरीकडे एकाचं शून्य! (करून बघायचं तर नको असलेल्या फाइलवर बघा, दोस्तांनो. नाहीतर मला पत्र लिहाल.)

युनिक्स जातीच्या कॉम्प्युटरवर तर कंट्रोल-डी म्हणजे 'माझं सांगून संपलं'. त्याचा उगम फार जुना आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत आस्की नावाची एक सांकेतिक यादी ठरली. तिच्यात कंट्रोलबरोबर दाबलेल्या अक्षराला त्याचा वर्णमालेतला क्रमांक मिळतो. ए ला १, सी ला ३, डी ला ४. आणि ४ या क्रमांकाचा अर्थ ठरला होता 'प्रसारण संपलं'. म्हणजे डी आधीच त्या जागेवर राहत होता. नंतरचे सगळे भाडेकरू.

सी ची कथाही तशीच. जुन्या टर्मिनलांवर कंट्रोल-सी म्हणजे 'चालू काम थांबव'. नकलून चिकटवायची कल्पना रुजवली ती लॅरी टेस्लर या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. ॲपलच्या १९८३ च्या लिसा कॉम्प्युटरवर झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या चार कळा त्या कामांना मिळाल्या. पण ॲपलनं त्यांच्यासाठी कंट्रोल न घेता वेगळी कळ घेतली, म्हणून तिथे भांडण झालं नाही. विंडोजनं त्याच चार कळा कंट्रोलबरोबर घेतल्या. त्यामुळे आजही लिनक्सच्या टर्मिनलमध्ये नक्कल करायची तर कंट्रोल-शिफ्ट-सी दाबावं लागतं. नुसतं कंट्रोल-सी दाबलं की चालू काम बंद.

हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. हाक आधी देवडीला द्यायची की माजघराला, हे मी ठरवू शकत होते. पण आत्याच्या बोटांत कंट्रोल-डीचा अर्थ माझ्या प्रोग्रॅमच्या कितीतरी आधी जाऊन बसला होता. तिथल्या रांगेत माझा नंबर शेवटचा. मग काढून टाकायचं कामच त्या कळीवरून उठवलं पाहिजे.

कुठे न्यायचं? कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही धरून डी? कंट्रोल-ऑल्टवाल्या कळा रिकाम्या दिसतात खऱ्या. पण विंडोजमध्ये उजव्या बाजूच्या ऑल्टला अनेक की-बोर्डांवर जास्तीची अक्षरं काढायचं काम असतं, आणि कंट्रोल-ऑल्ट एकत्र दाबलं की तेच मानलं जातं. भारतीय इंग्रजी की-बोर्डावर कंट्रोल-ऑल्ट-४ दाबा, आपलं रुपयाचं चिन्ह येतं, ₹. २०१० मध्ये ते चिन्ह ठरलं. उद्या मी कंट्रोल-ऑल्टच्या कळा एकेक करून बळकावत सुटले, तर आत्याला किमतीच्या रकान्यात रुपयाच लिहिता यायचा नाही. ते रद्द.

अशा वेळी मला डेव्हिड ब्रॅडली आठवतात. आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला, त्यावर काम करणारे हे इंजिनिअर. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायला त्यांनी आधी कंट्रोल-ऑल्ट-एस्केप ठेवलं होतं. पण त्या तिन्ही कळा डावीकडे. कोपर लागलं तरी सगळं काम जायचं! म्हणून मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट केलं. त्या की-बोर्डावर डिलीट लांब उजवीकडे होती, दोन हात लावल्याशिवाय जमायचंच नाही. मुद्दाम अवघड.

मी आत्याला विचारलं, "पुस्तक रद्द करायची वेळ तुझ्यावर वर्षातून किती वेळा येते?"

"जून-जुलैत एकदा. फाटलेली, वाळवी लागलेली काढतो तेव्हा."

"मग नोंदवहीत कसं करतेस? पान फाडतेस?"

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी परत पाचवीतली झाले. "दाखल नोंदवहीतली ओळ कधी खोडत नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं लिहायचं, रद्द, तारीख, सही. नंबर तसाच राहतो. तो दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही."

वर्षातून एकदा लागणाऱ्या कामाला मी सगळ्यात सोपी कळ दिली होती! आणि महिनाभर खपून जे मला सुचलं नव्हतं, ते कपाटातल्या त्या जाड वहीत वर्षानुवर्षं चालू होतं.

रविवारी दुपारी मी प्रोग्रॅम पुन्हा उघडला. नोंद रद्द करायला शॉर्टकटच ठेवला नाही. मेनूत जायचं, तिथून करायचं. केल्यावरही ओळ नाहीशी होत नाही. ती करडी होते, शेऱ्यात तारीख येते, आणि नंबर जागेवर राहतो. कंट्रोल-झेड दाबलं की मागचं परत येतं. कंट्रोल-डी तक्त्यात वरचं खाली उतरवतो. शोधायच्या चौकटीत असताना दाबलं तर काहीच करत नाही, फक्त खाली ओळ उमटते, 'कर्सर तक्त्यात नाही'. ती ओळ आत्याच्या सूचनेवरून. ती म्हणाली, "लागलं नाही तर लागलं नाही असं सांगावं माणसानं. मला काय कळणार?"

मग आम्ही तेवीस पुस्तकं पुन्हा चढवली. आत्या नोंदवहीतून नंबर वाचत होती, मी लिहीत होते. निम्मी झाल्यावर मी उठले आणि तिला बसवलं. भागवतांच्या पुस्तकांपाशी आल्यावर तिनं नाव एकदा लिहिलं, आणि मग टक, टक, टक. आठ ओळी. प्रत्येक ओळीला ती वहीवरून मान वर करून बघत होती. पूर्वी बघायची नाही.

संध्याकाळी मी शेरेबुक मागितलं. आत्या म्हणाली, "राहू दे गं, झालं ते झालं." मी म्हटलं, "नाही आत्या, दे." तिच्या त्या ओळीखाली मी लिहिलं, 'वरील तेवीस नोंदी ग्रंथपालांच्या हातून गहाळ झालेल्या नाहीत. प्रोग्रॅममधील कंट्रोल-डी या कळीला चुकीचे काम दिल्यामुळे त्या गेल्या. चूक प्रोग्रॅम लिहिणारीची. सर्व नोंदी आज पुन्हा केल्या आहेत.' खाली तारीख घातली, सही केली.

आत्यानं चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग शेरेबुक मिटून कपाटात ठेवता ठेवता म्हणाली, "अक्षर जरा सुधार."